गावोगावचा ऑथेल्लो : आयरा ऑल्ड्रिज



स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की आपल्या शाळेत एकच गडबड सुरू होते. कोण राजा, कोण प्रधान, कोण राजकन्या, मधल्या सुट्टीत याच चर्चा चालतात. पात्रे निवडण्याचे काम शिक्षकांचे, पण शेवटचा शब्द आमचा असतो. काही वर्षांपूर्वी या कामात आमच्या हातून एक चूक झाली. एका मुलीने राजकन्येचे सगळे संवाद पाठ केले होते आणि ती ते बोलतही छान होती. पण ती सावळी होती. आम्ही फारसा विचार न करता राजकन्येचे काम एका गोऱ्या मुलीला दिले आणि हिला दासी केले. प्रयोगाच्या दिवशी राजकन्या ऐन मंचावर संवाद विसरली. तेव्हा शेजारी पंखा घेऊन उभ्या असलेल्या या दासीनेच तिला हळूच पुढची ओळ सांगितली. प्रेक्षकांना ते कळले नाही. आम्हाला कळले. ती गोष्ट तेव्हापासून मनातून जात नाही.

म्हणून या वेळी आम्ही तुम्हाला एका नटाचे चरित्र सांगणार आहोत. त्याच्या रंगामुळे त्याला राजधानीतल्या सर्वांत मानाच्या रंगमंचावर दोनच रात्री उभे राहता आले. मग तो गावोगाव फिरला, देशोदेशी फिरला आणि अर्ध्या युरोपला त्याने शेक्सपिअर दाखवला. त्याचे नाव आयरा ऑल्ड्रिज.

न्यूयॉर्कमधले बालपण

आयराचा जन्म २४ जुलै १८०७ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात झाला. याच १८०७ साली इंग्लंडच्या संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. मात्र व्यापार बंद झाला तरी गुलामगिरी संपली नव्हती. माणसे खरेदी करून आणणे बेकायदेशीर ठरले, पण जी आधीच गुलाम होती ती गुलामच राहिली. खुद्द न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपली ती १८२७ साली. आयराचे आईवडील स्वतंत्र होते, म्हणून आयराही स्वतंत्र जन्मला. पण आपल्याच रंगाची माणसे विकली जातात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

काळ्या मुलांसाठी न्यूयॉर्कमध्ये १७८७ साली एक शाळा निघाली होती. तिचे नाव आफ्रिकन फ्री स्कूल. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या मंडळींनी ती काढली होती. आयरा या शाळेत शिकला. वाचन, लेखन, गणित, भूगोल यांसोबत तिथे पाठांतर करून स्पष्ट बोलण्यावर भर असे. वडिलांची इच्छा होती की मुलाने धर्मोपदेशक व्हावे. मुलाला मात्र नाटकाचे वेड लागले.

१८२१ च्या सुमारास विल्यम ब्राउन नावाच्या एका काळ्या गृहस्थाने न्यूयॉर्कमध्ये नाटक कंपनी सुरू केली. नट काळे, मालक काळा आणि प्रेक्षकही बहुतेक काळेच. ही मंडळी शेक्सपिअरची नाटके करत. आपण म्हणू, यात वाईट ते काय? पण काळ्या माणसांनी शेक्सपिअर करावा, ही गोष्ट पुष्कळांना सहन झाली नाही. चालू नाटकात पोलिस शिरले, नटांना धरून नेण्यात आले, गुंडांनी थिएटरात मोडतोड केली. शेवटी ती कंपनी बंद पडली. कोवळ्या वयाच्या आयराने याच मंडळीत पहिली पावले टाकली होती. या देशात काळ्या नटाला भविष्य नाही, हे त्याने ओळखले.

१८२४ साली, सतरा वर्षांचा असताना, तो जहाजाने इंग्लंडला निघाला. जेम्स वॉलॅक नावाचा एक इंग्रज नट त्याच जहाजाने जात होता. त्याच्या सेवेत राहून आयराने हा प्रवास केला. अमेरिकेत तो पुन्हा कधीच परतला नाही.

इंग्लंडचा रंगमंच

त्या वेळच्या लंडनमधली व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. बोलके, गंभीर नाटक करण्याचा राजपरवाना लंडनमध्ये मुख्यतः कॉव्हेंट गार्डन आणि ड्रुरी लेन या दोनच थिएटरांना होता. बाकीच्या थिएटरांना संगीत, नाच, मूकाभिनय यांची जोड देऊन वेळ निभावावी लागे. ही मक्तेदारी १८४३ च्या कायद्याने संपली. तोपर्यंत नटाची खरी परीक्षा या दोन थिएटरांत होते असे मानले जाई.

आयराची सुरुवात लहान थिएटरांतून झाली. मे १८२५ मध्ये लंडनच्या पूर्व भागातल्या रॉयल्टी थिएटरात त्याने ऑथेल्लोची भूमिका केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो रॉयल कोबर्ग थिएटरात आला. हेच थिएटर आज ओल्ड व्हिक नावाने प्रसिद्ध आहे. तिथे त्याने गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या ओरुनोको या आफ्रिकी राजपुत्राचे काम केले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पण लंडनच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने लिहिले, की या माणसाच्या ओठांची ठेवणच अशी आहे की त्याला इंग्रजी नीट उच्चारता येणे शक्य नाही. ज्या मुलाने शाळेत इंग्रजीच शिकली, ज्याची मातृभाषाच इंग्रजी, त्याच्याविषयी हे लिहिले गेले!

हे वाचताना आम्हाला आमचे दिवस आठवतात. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरातली. मंचावर मराठी बोलताना आजही एखादा हिंदी शब्द मध्येच येऊन बसतो आणि समोर कोणीतरी हसते. आमच्या बाबतीत निदान हसणाऱ्याने काहीतरी ऐकलेले असते. आयराच्या टीकाकारांनी कान न लावता नुसता चेहरा पाहून निकाल दिला.

याच वर्षी आयराने मार्गारेट गिल या इंग्रज तरुणीशी विवाह केला. काळा नट आणि गोरी पत्नी, यावरूनही लोक बोलत. पण मार्गारेटने त्याच्या भटक्या संसारात जवळजवळ चाळीस वर्षे साथ दिली.

नट पडद्यावरच्या जाहिरातीशिवाय चालत नाही, हे तेव्हाही खरे होते. भिंतींवर चिकटवलेल्या जाहिरातींत आयराला ‘आफ्रिकन रॉशिअस’ म्हटले जाई. रॉशिअस हा प्राचीन रोममधला नामांकित नट. त्याच जाहिरातींत असेही छापले जाई की हा सेनेगलच्या राजघराण्यातला आहे. खरे तर तो न्यूयॉर्कच्या एका साध्या कुटुंबातला मुलगा होता. लोकांना दूरदेशीचा राजपुत्र बघायला आवडतो, हे ओळखून त्याने ही कथा चालू दिली. थोर माणसाच्या चरित्रातही अशा गोष्टी असतात. त्या झाकून ठेवू नयेत असे आम्हाला वाटते.

१८२८ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, कॉव्हेंट्री शहराच्या थिएटरची व्यवस्था त्याच्याकडे आली. ब्रिटनमध्ये थिएटर चालवणारा तो पहिला काळा माणूस. त्या मुक्कामात तो गुलामगिरीविरुद्ध उघडपणे बोलला. पुढे कॉव्हेंट्रीच्या लोकांनी गुलामगिरी बंद करावी असा अर्ज संसदेकडे पाठवला. त्यात आयराच्या भूमिकांचा आणि भाषणांचा वाटा होता असे मानले जाते.

दोन रात्री

आता त्याच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. तो समजायला ऑथेल्लोची गोष्ट माहीत हवी. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या सैन्यातला काळा सेनापती. शूर आणि सरळ मनाचा. डेस्डेमोना ही थोर घराण्यातली गोरी मुलगी त्याच्यावर प्रेम करते आणि दोघे लग्न करतात. इयागो नावाचा हाताखालचा माणूस ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय पेरतो. संशयाने आंधळा झालेला ऑथेल्लो निरपराध पत्नीचा जीव घेतो आणि सत्य कळल्यावर स्वतःचाही. इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक वर्षे हे नाटक होत आले होते आणि ऑथेल्लोचे काम नेहमी गोरे नट तोंडाला रंग फासून करत.

एडमंड कीन हा त्या काळचा इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला नट. २५ मार्च १८३३ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लोचे काम करता करता तो मंचावरच कोसळला. त्यानंतर तो उभा राहिला नाही आणि मे महिन्यात वारला. ऑथेल्लोची जागा रिकामी झाली. १० एप्रिल १८३३ रोजी त्याच कॉव्हेंट गार्डनच्या मंचावर त्या जागी आयरा ऑल्ड्रिज उभा राहिला. डेस्डेमोनाचे काम एलन ट्री ही नावाजलेली अभिनेत्री करत होती.

त्या दिवसांत लंडनमध्ये गुलामगिरीचाच वाद पेटलेला होता. वेस्ट इंडीजमध्ये ज्यांचे उसाचे मळे होते, ज्यांच्याकडे हजारो गुलाम होते, अशा धनिकांचे लंडनमध्ये मोठे वजन होते. संसदेत गुलामगिरी बंद करण्याच्या कायद्याची हालचाल चालू होती. अशा वेळी देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित मंचावर खरा काळा माणूस काळ्या सेनापतीचे काम करतो आणि गोऱ्या नायिकेचा हात धरतो, हे पाहून अनेकांचे माथे भडकले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, काही पत्रांनी बरे लिहिले. पण काही प्रतिष्ठित पत्रे इतके वाईट बोलली की ते शब्द इथे लिहिणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. एका नियतकालिकाला तर एलन ट्रीसारख्या अभिनेत्रीला या माणसाने मंचावर स्पर्श करावा, हाच मोठा अपमान वाटला.

१२ एप्रिलला दुसरा प्रयोग झाला. त्यानंतर कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचे नाव पुन्हा लागले नाही. त्याचे काम वाईट झाले म्हणून हे घडले असते तर ती वेगळी गोष्ट होती. त्याचा चेहरा नको होता म्हणून हे घडले.

चार महिन्यांनी, ऑगस्ट १८३३ मध्ये, ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा संमत झाला. कायदा लवकर बदलला. मने बदलायला वेळ लागला.

गावोगावचा नट

आयराचे वय तेव्हा पंचवीस. तो खचून घरी बसला असता तर आज त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. पण त्याने सामान बांधले आणि रस्ता धरला. पुढची जवळजवळ वीस वर्षे तो इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमधल्या लहानमोठ्या गावांत नाटके करत फिरला. १८३७ साली राणी व्हिक्टोरिया गादीवर आली. व्हिक्टोरियाच्या काळातला फिरता नट कसा जगत असे, हे आयराच्या आयुष्यात चांगले दिसते.

तेव्हा बऱ्याच गावांत स्वतःचे थिएटर आणि स्वतःची नटमंडळी असे. बाहेरचा नामवंत नट येई, चारआठ दिवस मुक्काम करी, मुख्य भूमिका तो करी आणि बाकीची कामे गावातली मंडळी करत. तालमीला वेळ फार थोडा. अनेकदा सकाळी एक तालीम आणि रात्री प्रयोग. आज एक नाटक, उद्या दुसरे. म्हणजे नटाच्या डोक्यात दहापंधरा भूमिका कायम तयार पाहिजेत आणि अनोळखी माणसांना सांभाळून घेण्याची ताकद पाहिजे. प्रवास सुरुवातीला घोड्यांच्या डाकगाडीचा, मग जसजसे रूळ पडत गेले तसतसा रेल्वेचा. मुक्कामाच्या शेवटी एक प्रयोग नटाच्या लाभासाठी ठेवत आणि त्या रात्रीच्या उत्पन्नातून त्याची खरी कमाई होई. पाऊस आला, गावात आजार पसरला, प्रेक्षक आले नाहीत, तर पदरात काहीच नाही.

आयराची एक पद्धत होती. आधी तो ऑथेल्लो करी आणि त्याच रात्री, नंतरच्या छोट्या नाटकात, मुंगो नावाच्या विनोदी गुलामाचे काम करी. जो प्रेक्षक तासापूर्वी रडत होता तोच आता पोट धरून हसे. काळा माणूस म्हणजे नुसते हसण्याचे पात्र, अशी समजूत घेऊन आलेल्यांना एकाच रात्री दोन्ही बाजू दिसत. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री तो वेशभूषा उतरवून प्रेक्षकांशी बोले, त्यांचे आभार मानी आणि आपल्या गुलाम बांधवांच्या मुक्तीसाठी शब्द टाकी. दुकानदार, कारागीर, गिरणीकामगार हे सगळे ऐकत. कितीतरी गावांतल्या लोकांनी आपल्या जन्मात पाहिलेला पहिला काळा माणूस हाच असेल, आणि तो शेक्सपिअर बोलत होता.

पण काळ्या पात्रांची नाटके किती असणार? तेवढ्यावर जन्मभर पोट भरत नाही. तेव्हा आयराने एक धाडस केले. चेहऱ्याला गोरा रंग लावून, केसांचा टोप घालून तो शायलॉक, मॅकबेथ, तिसरा रिचर्ड आणि पुढे राजा लिअर करू लागला. गोरे नट काळा रंग फासून ऑथेल्लो करत होते तेव्हा कोणाला नवल वाटले नव्हते. आता काळा नट गोरा रंग लावून राजा झाला. नट म्हणजे नट, हे त्याने असे दाखवून दिले.

शेक्सपिअरच्या टायटस अँड्रॉनिकस या नाटकात आरन नावाचा काळा खलनायक आहे. आयराने त्या नाटकाची नवी आवृत्ती तयार करून घेतली आणि आरनला खलनायकाचा नायक केले. मूळ नाटक फार बदलले, हे खरे. पण काळा म्हणजे दुष्ट, हे तो मुकाट्याने करायला तयार नव्हता.

भाषेच्या पलीकडे

जुलै १८५२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आयरा युरोपच्या दौऱ्यावर निघाला. आधी ब्रुसेल्स, मग जर्मनीतली शहरे, व्हिएन्ना, हंगेरी. इथे अडचण अशी की प्रेक्षकांना इंग्रजी येत नाही. मग नाटक कसे करायचे? आयरा आपले संवाद इंग्रजीत बोले आणि त्याच्यासमोरचे नट आपापल्या भाषेत, म्हणजे कुठे जर्मन, पुढे कुठे रशियन. ऑथेल्लो एका भाषेत विचारतो आणि इयागो दुसऱ्या भाषेत उत्तर देतो! ऐकायला गंमत वाटते, पण यासाठी दोघांना एकमेकांचे सगळे संवाद पाठ असावे लागत, कारण समोरच्याचे वाक्य कुठे संपते हे कळल्याशिवाय आपले सुरू करता येत नाही. प्रेक्षकांना शब्द कळत नव्हते. चेहरा, आवाज, हात आणि डोळे कळत होते.

ज्याला इंग्रजी उच्चारता येणार नाही असे लंडनमध्ये लिहिले गेले, त्याची इंग्रजी ऐकायला आता इंग्रजी न येणारे लोक तिकीट काढून येत होते. १८५३ साली प्रशियाच्या राजाने कला आणि विज्ञानासाठीचे सुवर्णपदक त्याला दिले. १८५८ साली जर्मनीतल्या साक्स-मायनिंगन संस्थानाच्या ड्यूकने त्याला सरदारकीचा मान दिला. त्याच वर्षी तो लंडनच्या लायसियम थिएटरात ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. कॉव्हेंट गार्डनच्या त्या दोन रात्रींना तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.

१८५८ च्या शेवटी तो रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग इथे गेला. तिथे त्याला एक मित्र भेटला, तारास शेव्हचेन्को. शेव्हचेन्को हा युक्रेनचा थोर कवी आणि चित्रकार. तो जन्माने भूदास होता. भूदास म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा शेतकरी, जमिनीबरोबर विकला जाणारा. त्याच्या गुणांवर खूश झालेल्या कलावंतांनी पैसे जमवून १८३८ साली त्याला सोडवले. पुढे त्याच्या कवितांमुळे झार चिडला आणि १८४७ साली त्याला दूर सैन्यात हद्दपार केले गेले, तेही लिहायचे नाही आणि चित्र काढायचे नाही या अटीवर. दहा वर्षांनी सुटून तो नुकताच राजधानीत आला होता.

एकाला रशियन येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी येत नाही. काउंट फ्योदोर टॉलस्टॉय या कलावंताच्या घरी दोघांची भेट होई. (हे टॉलस्टॉय वेगळे, कादंबरीकार वेगळे.) त्यांची लहान मुलगी दोघांच्या मध्ये बसून दुभाष्याचे काम करी. आयरा आपल्या लोकांची हाल-अपेष्टांची कहाणी सांगे, शेव्हचेन्को आपल्या लोकांची. दोघेही एकमेकांना आपापल्या लोकांची गाणी म्हणून दाखवत. डिसेंबरमध्ये शेव्हचेन्कोने आयराचे चित्र काढायला घेतले, तर आयरा काही केल्या स्थिर बसेना. कधी गाणे म्हणे, कधी तोंडे करून सगळ्यांना हसवी. तरीही ते चित्र पूर्ण झाले आणि ते आजही आहे. मित्रांनो, एक गुलामांच्या वंशातला आणि एक स्वतः भूदास म्हणून जन्मलेला, असे दोन कलावंत एका खोलीत बसून हसत आहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, १८६१ साली, रशियातली भूदासपद्धती कायद्याने संपली. शेव्हचेन्को त्याच वर्षी, हा कायदा जाहीर होण्याच्या बेतात असताना वारला.

रशियातही आयरा राजधानीतच थांबला नाही. पुढच्या वर्षांत त्याने कीव्ह, ओडेसा अशी दूरदूरची शहरे गाठली. रस्ते वाईट, थंडी कडक, अंतरे प्रचंड. त्या भागातल्या अनेकांनी शेक्सपिअरचे नाटक पहिल्यांदा पाहिले ते त्याच्यामुळे.

शेवटचा मुक्काम

१८६३ साली आयरा ब्रिटिश नागरिक झाला. १८६४ साली मार्गारेट वारली. पुढच्या वर्षी त्याने अमांडा फॉन ब्रांट या स्वीडिश स्त्रीशी विवाह केला. त्याच १८६५ साली लंडनच्या हेमार्केट थिएटरात त्याने पुन्हा ऑथेल्लो केला.

तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध संपले होते आणि १८६५ च्या डिसेंबरमध्ये घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायमची बंद झाली. आता आयराला मायदेशी जाऊन नाटके करायची होती. दौऱ्याची बोलणी चालू झाली होती. ज्या शहरात पोलिसांनी त्याच्या मंडळीचे नाटक बंद पाडले, तिथे तो आता युरोपभर सन्मान मिळवलेला नट म्हणून उतरणार होता. पण ते व्हायचे नव्हते. पोलंडमधल्या वूच शहरी (नकाशात तुम्हाला ते लॉड्झ असे दिसेल) नाटकांसाठी गेला असताना तो आजारी पडला आणि ७ ऑगस्ट १८६७ रोजी वारला. वय साठ वर्षे. जन्म न्यूयॉर्कचा, घर लंडनचे आणि समाधी पोलंडमध्ये. फिरत्या नटाचा शेवटही प्रवासातच झाला. त्याची समाधी वूचच्या दफनभूमीत आजही आहे.

त्याच्या मुलींनी कलेचा वारसा चालवला. लुराना ऑपेरा गायिका झाली. अमांडा आवाजाचे आणि गाण्याचे शिक्षण देणारी नामवंत शिक्षिका आणि संगीतकार झाली. पुढे १९३० साली पॉल रोबसन हा काळा अमेरिकन नट लंडनमध्ये ऑथेल्लो करणार होता, तेव्हा त्याने आपल्या उच्चारांसाठी याच अमांडाकडून धडे घेतले. वडिलांच्या उच्चारांची ज्या शहरात थट्टा झाली, त्याच शहरात मुलगी उच्चार शिकवत होती!

शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डच्या थिएटरात, थोर नटांच्या नावाच्या खुर्च्या ठेवल्या गेल्या. त्यांत एक आयरा ऑल्ड्रिजच्या नावाची होती. लंडनमधल्या त्याच्या घरावर २००७ साली निळी स्मृतिपट्टी लावली गेली. त्या रस्त्याचे नाव हॅम्लेट रोड! २०१२ साली लोलिता चक्रवर्ती यांनी लिहिलेले ‘रेड व्हेल्व्हेट’ हे नाटक लंडनमध्ये आले. त्याचा विषय कॉव्हेंट गार्डनच्या त्याच दोन रात्री. २०१७ साली कॉव्हेंट्रीनेही आपल्या जुन्या थिएटर चालकाची पट्टी लावली.

आपल्यासाठी

आपल्या मराठी रंगभूमीचा जन्म याच काळातला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर केले, तेव्हा आयरा इंग्लंडच्या गावांतून फिरत होता. पुढे आपल्या नाटक मंडळ्याही पेट्या आणि पडदे घेऊन गावोगाव निघाल्या आणि बडोद्यापासून इंदूरपर्यंत त्यांचे मुक्काम पडले. ज्या वर्षी आयरा वारला, त्याच १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी केलेले ऑथेल्लोचे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढे १८९० साली गोविंद बल्लाळ देवल यांनी याच नाटकावरून ‘झुंझारराव’ लिहिले. म्हणजे आयराचा ऑथेल्लो आपल्याही घरी आला, मराठी बोलत आला.

आयराच्या चरित्रातून काय घ्यायचे? कष्ट करा, यश मिळेल, एवढेच सांगून आम्ही थांबलो तर ते अर्धवट होईल. आयराने कष्ट केले आणि यश मिळवले, हे खरे. पण त्याचे जे हिरावले गेले ते परत आले नाही. मायदेशाचा मंच त्याला मिळाला नाही, कॉव्हेंट गार्डनमधली तिसरी रात्र मिळाली नाही. ज्यांनी दार बंद केले त्यांनी एक नट नाकारला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांनी काय गमावले हे त्यांना कळलेही नाही. म्हणून हा धडा जितका मंचावर जाणाऱ्यांसाठी आहे, तितकाच पात्रे निवडणाऱ्यांसाठीही आहे. आम्ही तो आधी स्वतःसाठी घेतला आहे.

या वर्षीच्या स्नेहसंमेलनात जो भूमिका चांगली वाचेल आणि चांगली करेल, त्याला ती मिळेल. राजकन्या सावळी असेल, राक्षस गोरा असेल. उच्चारात थोडी हिंदी आली तर ती आपण तालमीत दुरुस्त करू, त्यासाठी कोणाला मंचावरून उतरवणार नाही. आणि आमच्याकडून पुन्हा चूक होते आहे असे वाटले, तर कोणत्याही मुलाने किंवा मुलीने सरळ आमच्या खोलीत यावे. दार उघडे आहे.